गाडीत लायसनची बंदूक: ग्वाल्हेरकरांचे नेहमीचे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वकिली करताना खून-मारामाऱ्यांपेक्षा बंदुकीच्या लायसनच्या कागदांनीच माझी जास्त वर्षं खाल्ली. महाराज बाड्यावर चहाला थांबलो तरी कोणीतरी गाठून विचारतं, "वकीलसाहेब, गाडीत ठेवली तर चालते ना?" पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना हे ऐकून धक्का बसतो. इकडे चंबळच्या पट्ट्यात मात्र घरात दुनाली (दोन नळ्यांची बंदूक) असणं हे घरात पाटा-वरवंटा असण्याइतकं साधं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणून कलमांचे नवे आकडे घातले आहेत. शस्त्र अधिनियम मात्र १९५९ चाच आहे, २०१९ च्या दुरुस्तीसह.

१. माझ्याकडे रिव्हॉल्वरचं लायसन आहे. गाडीत ठेवायला वेगळी परवानगी लागते का?

लागत नाही. पण "गाडीत ठेवायला" या शब्दांतच गडबड आहे. लायसन माणसाला मिळतं, गाडीला नाही. स्वसंरक्षणाच्या लायसनवर तुम्ही हत्यार जवळ बाळगून फिरू शकता, मग पायी असा, गाडीत असा की टांग्यात. तुम्ही गाडीतून उतरून निघून गेलात आणि हत्यार मागे राहिलं की कायद्याच्या नजरेत चित्र बदलतं. या पानावरच्या निम्म्याहून जास्त उत्तरांचं मूळ एवढंच आहे.

२. लायसन नाही, पण रात्री भिंडहून एकट्याने यावं लागतं. गाडीत एखादा कट्टा ठेवला तर?

नका ठेवू. बिनलायसनच्या हत्याराला शस्त्र अधिनियमाचं कलम २५(१ब) लागतं. २०१९ नंतर त्याची शिक्षा किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद, वर दंड. "स्वसंरक्षणासाठी ठेवला होता" हा बचाव या कलमापुढे टिकत नाही. शिवाय गावठी कट्टा कधी पुढे उडेल आणि कधी तुमच्याच हातात फुटेल याची खात्री तो बनवणाराही देत नाही.

३. मग लायसन कसं काढायचं?

वय २१ पूर्ण हवं. अर्ज केंद्राच्या ऑनलाइन शस्त्र-परवाना प्रणालीवरून करायचा आणि कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचे. मग ठाण्याची चौकशी होते. शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला व हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तुम्हाला धोका कशाचा आहे हे नुसतं म्हणून भागत नाही. धमकीची तक्रार, रोकड ने-आण करण्याचा धंदा, आडरानातलं शेत, असं काहीतरी कागदावर दाखवावं लागतं. लायसन आता ५ वर्षांचं असतं (पूर्वी ३ वर्षांचं होतं) आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा ३ होती.

आपल्याकडे लायसनची हौस किती, याचा अंदाज अधिकाऱ्यांनाही आहे. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्यांना लायसनमध्ये प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये खुद्द ग्वाल्हेरात अर्जदारांना आधी दहा झाडं लावा आणि झाडांसोबत फोटो काढून आणा, असं सांगितलं गेलं. झाडं लावली गेली म्हणतात. जगली किती, ते मी पाहायला गेलो नाही.

४. गाडीत नेमकी कुठे ठेवायची? डॅशबोर्डच्या खणात चालते का?

शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ इथे लागू होतो. सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, नाहीतर पाठपिशवीसारख्या पिशवीत. बारा बोर, ३१५ बोर अशा लांब बंदुका त्यांच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये. हत्यार पूर्ण झाकलेलं हवं आणि ते नेणाऱ्याच्या परिणामकारक ताब्यात हवं.

आता डॅशबोर्डचा खण या कसोटीवर लावून पाहा. तो ना होल्स्टर, ना पिशवी. शेजारी बसलेला कोणीही उघडू शकतो. मागच्या खिडकीत दिसेल अशी दुनाली टांगणं, जे आपल्याकडे काही जण शान म्हणून करतात, ते तर सरळ नियमाविरुद्ध. सीटखाली ठेवलेली वस्तू ब्रेक मारल्यावर पायांत येते, ते वेगळंच. माझं सांगणं एकच: छोटं हत्यार कमरेला, सदऱ्याखाली. लांब बंदूक कव्हरमध्ये, रिकामी, मागच्या सीटवर किंवा डिक्कीत, आणि गाडी थांबली की तुम्ही गाडीपाशी.

५. भरलेली ठेवायची की रिकामी?

नियमाचा भर झाकण्यावर आणि ताब्यावर आहे. भरलेली-रिकामी याचा विचार मात्र अकलेने करावा. लांब बंदूक प्रवासात भरून नेण्याला एकही चांगलं कारण नाही. पिस्तुलाच्या नळीत गोळी चढवून गाडी चालवणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात घाटीगावकडचे खड्डे आठवावेत. काडतुसांच्या बाबतीत लायसनवर दोन आकडे असतात: एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील. गाडीतली आणि घरातली मिळून पहिला आकडा ओलांडायचा नाही.

६. स्कूटरवर नियम तोच का?

तोच. कमरेचं होल्स्टर चालतं, पाठीवरची पिशवी चालते. अॅक्टिव्हाच्या डिक्कीत टाकून मंडईत शिरणं चालत नाही, कारण तुम्ही भाजी निवडत असताना ती डिक्की कोणाच्याच ताब्यात नसते.

७. नाकाबंदीत पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं?

कलम १९ प्रमाणे कोणताही पोलीस अधिकारी हत्यार नेणाऱ्याकडे लायसन मागू शकतो. तुम्ही दाखवलं नाहीत तर नाव-पत्ता विचारून हत्यार ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता देण्यातही टाळाटाळ केलीत किंवा खोटा दिलात तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.

कायदा झाला, आता शिष्टाचार. रात्री गाडी बाजूला घ्या, आतला दिवा लावा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. शिपाई खिडकीशी आला की आधी तोंडाने सांगा, हात नंतर हलवा. मी अशिलांना हे वाक्य पाठ करून घ्यायला लावतो:

"साहब, मेरे पास लाइसेंसी रिवॉल्वर है, दाहिनी कमर पर. लाइसेंस कमीज़ की जेब में है. निकालूँ?"

शेवटचा तो "निकालूँ?" फार महत्त्वाचा. मागच्या हिवाळ्यात मुरारच्या एका अशिलाने लायसन काढायला म्हणून न सांगता कमरेकडे हात नेला. लायसनचा कागद होल्स्टरमागच्या खिशात होता. समोरच्या पोरगेल्या शिपायाने तीन पावलं मागे उडी मारली आणि ओरडला. पुढचा पाऊण तास दोघांचंही काळीज ठिकाणावर नव्हतं. कागद आणि हत्यार एकाच बाजूला ठेवू नका.

पोलीस लायसनवरचा नंबर आणि हत्यारावर कोरलेला नंबर जुळवून बघतात. हत्यार हातात द्यायला सांगितलं तर उतरून, रिकामं करून, नळी जमिनीकडे करून द्या. हुज्जत घालायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी टीआयसमोर (ठाण्याच्या प्रमुखासमोर) घालावी, रस्त्यावर नाही.

८. लायसनची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालतो का?

ड्रायव्हिंग लायसन मोबाइलवर चालतं म्हणून हेही चालेल असं लोकांना वाटतं. गाडीच्या कागदांसाठी मोटार वाहन नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे, तिचा हत्याराच्या लायसनशी संबंध नाही. मूळ लायसन जवळ ठेवा. नूतनीकरणासाठी मूळ लायसन कार्यालयात दिलं असेल तर त्याची पोचपावती घ्या आणि हत्यार तेवढे दिवस घरी राहू द्या.

९. ग्वाल्हेरहून आग्र्याला जाताना बंदूक नेता येते का?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. लायसनवर क्षेत्राचा रकाना असतो: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. आधी तो वाचा.

आता रस्ता डोळ्यांसमोर आणा. ग्वाल्हेर, मग मुरैना, मग चंबळचा पूल. पुलाच्या या टोकाला मध्य प्रदेश, त्या टोकाला राजस्थानचा धौलपूर जिल्हा. धौलपूर मागे पडलं की थोड्याच वेळात उत्तर प्रदेश. म्हणजे सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस जेवणाच्या आत तीन राज्यांत फिरलेला असतो आणि त्याच्या लायसनवर "मध्य प्रदेश" एवढंच लिहिलेलं असतं. झाशीकडे गेलात तरी दतिया संपलं की उत्तर प्रदेश लागतं. ज्यांच्या रकान्यात फक्त "जिल्हा ग्वाल्हेर" आहे त्यांची हद्द तर मुरैनाच्या अलीकडेच संपते.

क्षेत्राबाहेर सापडलात तर लायसनच्या अटीचा भंग होतो. कलम ३०: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून लोक हसतात. पण पाठोपाठ कलम १७ खाली लायसन निलंबित किंवा रद्द होण्याची नोटीस येते, आणि परक्या राज्यातल्या ठाण्यातून आपलं हत्यार सोडवून आणायला किती खेटे पडतात ते धौलपूरला जाऊन आलेल्यांना विचारा. काही ठाणी तर सरळ कलम २५ लावून मोकळी होतात. मग ते कलम कसं लागत नाही हे कोर्टात सांगत बसावं लागतं.

नेहमी बाहेर जावं लागत असेल तर क्षेत्र वाढवून घेण्याचा रीतसर अर्ज करा. एखाद्या वेळेसाठी जायचं असेल तर हत्यार घरी ठेवणं स्वस्त पडतं.

१०. लायसन अखिल भारताचं आहे. गाडीने पुण्याला मुलाकडे जायचं आहे, दोन महिने राहणार.

नेता येईल. सेंधवा ओलांडून महाराष्ट्रात शिरलात तरी नियम तेच राहतात: झाकलेलं, ताब्यात, मूळ कागद जवळ (प्रश्न ४, ७, ८). मात्र लायसनवरच्या पत्त्यापासून दूर सलग ३० दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर तिथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवावं लागतं. पुण्यात ते काम पोलीस आयुक्तांकडे असतं. वाटेत धुळ्याला हॉटेलात उतरलात तर हत्यार खोलीत तुमच्यासोबत, गाडीत नाही.

एक अनुभवाचं सांगतो. पुण्याच्या सोसायटीत सून-जावयांसमोर "आमच्या ग्वाल्हेरला सगळेच ठेवतात" म्हणून रिव्हॉल्वर टेबलावर काढू नका. माझ्या सख्ख्या काकांनी काढली होती. पुढच्या दिवाळीला त्यांना आमंत्रण आलं, पण सोबत एक अटही आली.

११. गाडी ड्रायव्हर चालवतो, मी मागे बसतो. बंदूक त्याच्याजवळ ठेवली तर? बायकोच्या पर्समध्ये?

कलम ३ मध्ये एक बारीक सवलत आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. लायसनदाराच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसरा माणूस स्वतःचं लायसन नसतानाही हत्यार नेऊ शकतो. पण कामं तीनच: दुरुस्ती, लायसनचं नूतनीकरण, किंवा त्या लायसनदाराच्याच वापरासाठी.

म्हणजे तुम्ही गाडीत असताना कव्हरमधली दुनाली ड्रायव्हरने उचलून तुमच्यासाठी गाडीत ठेवली तर गुन्हा नाही. तुम्ही घरी आणि ड्रायव्हर एकटाच पिस्तूल घेऊन डबरा गावाला वसुलीला, हे या सवलतीत बसत नाही. बायको शेजारी बसली आहे आणि तुम्ही गाडी चालवताय, तिच्या मांडीवरच्या पिशवीत हत्यार आहे, इथपर्यंत निभावतं. तुम्ही गोपाचल बघायला डोंगर चढलात आणि ती खाली गाडीत थांबली, की ती उपस्थिती संपली.

दालबाजारातले व्यापारी मुनीमाबद्दल हेच विचारतात. मुनीमाला रोकड घेऊन हत्यारासह बँकेत पाठवायचं असेल तर त्याचं नाव रिटेनर (लायसनदारातर्फे हत्यार बाळगणारा माणूस) म्हणून लायसनवर रीतसर चढवून घ्या. चिठ्ठी लिहून देऊन भागत नाही.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे: गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७२. हत्यार दुसऱ्याच्या हातात असलं तरी त्याची जाणीव आणि त्यावरचं नियंत्रण तुमचं असेल तर ताबा तुमचाच धरला जाऊ शकतो, असं त्यात म्हटलं आहे. त्यामुळे "माझ्याकडे नव्हती, ड्रायव्हरकडे होती" म्हणून दोघांपैकी एकही सुटत नाही.

१२. देवळात, दवाखान्यात, कोर्टात जाताना गाडीत लॉक करून जाऊ का?

लॉक केलेली गाडी म्हणजे ताबा नव्हे. काच फोडायला अर्धा मिनिट लागतो. लायसनच्या अटींप्रमाणे जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे हत्यार नेता येत नाही. कोर्टाच्या फाटकावरही अडवतात. मग उरतं काय? जिथे हत्यार आत नेता येणार नाही तिथे जाण्याच्या दिवशी ते घरातून काढूच नका. मुलाला शाळेतून आणायला जाता त्या फेरीलाही हेच लागू आहे.

गाडी सर्व्हिसिंगला देताना तर तीन वेळा तपासा. माझ्याच एका नातलगाने होल्स्टरसकट रिव्हॉल्वर सीटच्या खाचेत विसरून गाडी एका वर्कशॉपात सोडली. पोरांनी गाडी धुतली, व्हॅक्यूम केली, आणि संध्याकाळी तिथल्या मॅनेजरने पांढऱ्याफटक चेहऱ्याने पिशवी पुढे केली. सहाही गोळ्या आत होत्या. त्या पोरांपैकी एकाने गंमत म्हणून घोडा ओढला असता तर? नातलगाला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि जाऊही नये.

१३. गाडीतून हत्यार चोरीला गेलं तर?

त्याच क्षणी जवळच्या ठाण्यात कळवा, लेखी पोच घ्या, मग परवाना कार्यालयाला कळवा. घरच्यांना विचारून बघू, उद्या सकाळी जाऊ, असं करू नका. मधल्या रात्रीत त्या हत्याराने काही घडलं तर पहिली विचारणा तुमच्याकडे होणार.

१४. आचारसंहिता लागली की काय?

निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्यात हत्यारं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात. छाननी समिती ज्यांना सांगेल त्यांना ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक-विक्रेत्याकडे हत्यार जमा करावं लागतं. ग्वाल्हेर-चंबळमध्ये ही यादी लांबलचक असते. २०२४ च्या लोकसभेला १६ मार्चपासून ६ जूनपर्यंत आचारसंहिता होती, म्हणजे ८० दिवसांच्या आसपास. त्या काळात "माझं लायसन चालू आहे" हे उत्तर नाकाबंदीत चालत नाही. बँकांचे रक्षक आणि खेळाडू नेमबाज यांना सूट मिळते, तीही मागून घ्यावी लागते. जमा करताना हत्याराचा नंबर लिहिलेली पावती घ्या. परत घेताना नळी, घोडा, मॅगझिन तपासून घ्या, मालखान्यातल्या दमटपणाने हत्यारं गंजतात.

आचारसंहिता नसतानाही सण किंवा तणाव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं कलम १४४) असेच आदेश निघू शकतात.

१५. लग्नाला जातोय. गाडीत राहू दे ना, काढणार नाही.

हे "काढणार नाही" मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. वरात निघते, डीजे वाजतो, कोणीतरी म्हणतं "भैया, एक तो बनता है", आणि डिक्की उघडते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५(९) यासाठीच आणलं: लग्न, समारंभ, देवस्थान, सार्वजनिक जमाव इथे जिवाला धोका होईल असा हर्ष-फायर केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी मेलं तर प्रकरण सदोष मनुष्यवधाकडे जातं. आपल्या मराठी घरांत ही प्रथा नव्हती. मंगलाष्टकांत अक्षता टाकणारे आम्ही लोक, बंदुकीचे बार कधीपासून काढायला लागलो?

१६. कोणी गाडी आडवी घातली, शिव्या दिल्या. नुसती दाखवली तर पळून जाईल ना?

कदाचित जाईल, आणि जाताना ११२ ला फोन करेल. सार्वजनिक जागी हत्यार उगारणं नियम ३२ नेच मना आहे, त्यावर लायसन जाऊ शकतं. शिवाय जिवे मारण्याची धमकी म्हणून न्याय संहितेचं कलम ३५१(३) लागलं तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ओरखडा आला म्हणून झालेल्या भांडणात स्वसंरक्षणाचा हक्क जन्मालाच येत नाही. काच वर करा, दार लॉक करा, गाडी पुढे काढा. गाडीत असल्याचा खरा फायदा तिची चाकं आहेत.

१७. मग गोळी कधी चालवता येते?

न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ याबद्दल आहेत (जुनी ९६ ते १०६). समोरच्याचा जीव जाईल इतकं बळ वापरण्याचा हक्क मोजक्याच प्रसंगी मिळतो: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतणारा हल्ला, गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला वगैरे. मालमत्तेच्या बाबतीत लुटीच्या प्रसंगी तो मिळतो. साध्या चोरीत मिळत नाही, चोरीसोबत जिवाची भीती असेल तरच मिळतो.

उदाहरण घ्या. रात्री अकरा वाजता रस्त्यावर दगड टाकून गाडी अडवली, चौघे उतरले, एकाच्या हातात कट्टा, त्याने काचेतून तुमच्या डोक्याला लावला. हक्क आहे. आता तेच चौघे पर्स घेऊन शेतात पळू लागले, तुमच्याकडे त्यांची पाठ आहे, भीती टळली आहे. आता पाठीत गोळी घातलीत तर तो बचाव राहत नाही. दोन प्रसंगांत दहा सेकंदांचं अंतर आहे आणि खटला त्या दहा सेकंदांवर वर्षानुवर्षं चालतो.

दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. खरा धोका घडून येईपर्यंत थांबायची गरज नाही, वाजवी भीती पुरते. संकटात सापडलेल्या माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून बळ वापरावं अशी अपेक्षा नाही. पण बळ गरजेच्या मानाने फार जास्त नसावं आणि सूड म्हणून वापरलेलं नसावं. पोलिसांची मदत मिळवायला वेळ होता का, हेही पाहिलं जातं.

हवेत गोळी? लोकांना ती निरुपद्रवी वाटते. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि कलम २५(९) मध्ये बेदरकार वापरही येतो.

१८. गोळी चालवावी लागलीच तर नंतर काय?

सुरक्षित जागी पोहोचा, ११२ ला फोन करा, जखमी असेल तर अॅम्ब्युलन्स मागवा, तो हल्लेखोर असला तरी. झाडलेल्या काडतुसांची रिकामी खोकी उचलू नका, गाडी धुऊ नका, डॅशकॅमचं कार्ड काढून जपून ठेवा. हत्यार पुरावा म्हणून जप्त होईल, ते गृहीत धरा. पहिल्या जबाबात घटना थोडक्यात आणि खरी सांगा, सविस्तर वकिलासमोर. स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, पण त्याला ते सरकार पक्षासारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. तसं घडण्याची शक्यता अधिक होती एवढं दिसलं तरी पुरतं.

१९. दसऱ्याला आजोबांची बंदूक पूजेसाठी दौलतगंजात काकांकडे न्यायची आहे.

शिंदेशाहीतल्या जुन्या घरांमधून दर वर्षी खंडेनवमीच्या आसपास हा फोन येतो. बंदूक कोणाच्या लायसनवर आहे त्यावर सगळं अवलंबून. काकांच्या लायसनवर असेल तर काकांनी स्वतः येऊन न्यावी, रिकामी, कव्हरमध्ये. आजोबा वारले असतील आणि लायसन अजून त्यांच्याच नावावर असेल तर ती बंदूक आत्ता कोणाच्याच लायसनवर नाही. कलम २१ प्रमाणे ती आधी ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाच्या नावाने अर्ज करा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी, जुन्या घडणीची ठासणीची बंदूक कायद्यातून वगळलेली आहे. पण ती खरंच तशी आहे हे रस्त्यावर शिपायाला कसं पटवणार? शक्य असेल तर काकांनाच पूजेला बोलवा. तलवार, गुप्ती यांचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल तर सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात त्यांनाही लायसन लागतं. त्या उघड्यावर मिरवू नका.

२०. घड्याल (सुसरी) बघायला चंबळ अभयारण्यात किंवा शिवपुरीला माधव राष्ट्रीय उद्यानात गेलो तर?

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३१: पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हाच नियम. तुमचं लायसन अखिल भारताचं असलं तरी इथे उपयोग नाही. सफारीच्या दिवशी हत्यार घरी.

२१. लायसन नकोच. एअरगन किंवा मिरचीचा स्प्रे ठेवला तर?

०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला लायसन लागत नाही. पण ती दिसते खऱ्या बंदुकीसारखी, आणि समोरचा खरी काढेल तेव्हा तुमच्या हातात छर्रे असतील. मिरचीच्या स्प्रेला लायसन लागत नाही. गाडीत चटकन हाताला येतो, चुकून उडाला तर डोळे चुरचुरतात, जीव जात नाही. माझ्या मुलीच्या गाडीत स्प्रेच आहे.

२२. टेक्सासातला भाचा म्हणतो, तिकडे परवान्याशिवाय गाडीत ठेवतात. इथेच एवढी कटकट का?

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं हे खरं. तिथे हत्यार बाळगणं राज्यघटनेतला हक्क आहे. आपल्याकडे ती सरकारने दिलेली सवलत आहे, दिली तशी काढूनही घेता येते. भाच्याला म्हणावं, सुट्टीला येशील तेव्हा होल्स्टर तिकडेच ठेवून ये.

२३. गाडी विकली, दोन महिन्यांनी नव्या मालकाला सीटखाली एक काडतूस सापडलं. मी अडकतो का?

संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्ये घटनापीठाने "ताबा" म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असं म्हटलं होतं. त्या आधारावर विसरून राहिलेल्या एखाद-दुसऱ्या काडतुसाच्या प्रकरणांत उच्च न्यायालयांनी अनेकदा गुन्हे रद्द केले आहेत. पण ते कळेपर्यंत नव्या मालकाची झोप उडते आणि तुमचंही नाव निघतं, कारण ते काडतूस तुमच्या लायसनच्या बोराचं असतं. नव्या मालकाने ते हात न लावता फोटो काढून ठाण्याला कळवावं. तुम्ही तुमची काडतूस-खरेदीची नोंद काढून ठेवा आणि मोजा. गाडी विकायच्या आधी सीट उचलून, मॅट काढून, डिक्कीतलं स्टेपनीचं भोकसुद्धा बॅटरीने बघा. मी स्वतः गाडी विकली तेव्हा त्या भोकात एक गणपतीची मूर्ती, नट आवळायचे दोन पाने आणि बायकोची हरवलेली जोडवी सापडली.